पोटाला पत्ता ठाऊक असतो

सरांनी मला आयुष्यात जेवढ्या वेळा बोलावलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा काहीही न करता घरी पाठवलं. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं आणि नंतर सुखरूप जागं करायचं, एवढंच माझं काम, आणि तेवढंही हा माणूस करू द्यायचा नाही. फोन यायचा, "भूलबाई, या. सेफ्टीपिन आहे." तव्यावरची पोळी तव्यावर टाकून, गॅस बंद करा हो म्हणून नवऱ्याला ओरडून सांगत मी स्कूटीवर बसायची. पंचवटीतल्या त्या गल्लीत शिरायचं म्हणजे आधी भाजीवाले, मग रिक्षा, मग यात्रेकरूंची एक अख्खी बस. धापा टाकत पोचावं, तर सर दिव्यासमोर एक्स-रे धरून उभे. गणपतीची आरास बघावी तसे मान तिरकी करून बघताहेत. मग माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "थांबू."

झालं. माझं काम संपलं. चहा प्या आणि घरी जा.

सर पोटाचे सर्जन होते. पंचवटीत त्यांचं लहानसं हॉस्पिटल होतं आणि वरच्या मजल्यावर ते एकटेच राहायचे. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "थांबलो होतो. तेवढ्यात राहून गेलं." नाशिक जिल्ह्यात ज्यानं ज्यानं म्हणून नको ते गिळलं, तो फिरून फिरून सरांच्या दारात यायचा. टाचणी गिळलेल्या शिंपीणबाई, कवळीचा तारेचा तुकडा गिळलेले नाशिक रोडचे निवृत्त साहेब, कानातल्याची फिरकी गिळलेली कॉलेजची मुलगी. दुसरे डॉक्टर लगेच पोट फाडायला निघायचे, सर नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: पोटाला पत्ता ठाऊक असतो.

ऐकायला हे वेडेपणाचं वाटतं, पण त्यात शास्त्र होतं. वस्तू घशात किंवा अन्ननलिकेत अडकली असेल, तर सर एक मिनिटही दम धरायचे नाहीत, दुर्बीण घालून काढून मोकळे व्हायचे. जठरापर्यंत पोचली असेल तरी शक्यतो दुर्बिणीनंच. पण त्याच्याही पुढे आतड्यात उतरली की मात्र थांबायचं. रोज एक फोटो काढायचा, रोज पोट दाबून बघायचं. वस्तू पुढे सरकत असेल, ताप नसेल, पोट मऊ असेल, तर ती आपली आपण बाहेर येते. सर म्हणायचे, आतडं भारी शहाणं असतं, टोचणारी बाजू मागे ठेवतं आणि बोथट बाजू पुढे करतं. आपल्या नातेवाइकांना एवढं जमत नाही.

खरी कटकट नातेवाइकांचीच असायची. आपल्याकडे पोटात काही गेलं की केळी खायला घालतात. केळ्यानं म्हणे सुई गुंडाळली जाते. त्यामुळे पेशंटच्या मागोमाग केळ्यांचे घड यायचे. सगळा वॉर्ड केळ्यांनी दरवळायचा. सर प्रत्येकाला बजावून सांगायचे की बाबांनो, साधं जेवण द्या, जुलाबाचं औषध देऊ नका, आणि केळ्याचा काही उपयोग नाही. तरी केळी यायचीच. मग ती केळी सिस्टर, वॉचमन, मी आणि सर असे सगळे मिळून संपवायचो. माझ्या घरी आठवड्याला शिकरण व्हायचं. मुलं विचारायची, आज कुणी काय गिळलं?

सरांची दुसरी तऱ्हा याहून अवघड. पेशंट आला की आधी त्याची नाडी नव्हे, वस्तूचा भाऊ मागायचे. "जे गिळलंय त्याचा भाऊ घेऊन या." म्हणजे तशीच दुसरी वस्तू. ती हातात घ्यायची, तिचं टोक बोटावर दाबून बघायचं, मग पेशंटच्या पोटावर चिकटपट्टीनं चिकटवून फोटो काढायचा. म्हणजे वरची कुठली, आतली कुठली, केवढी, कशी वळलेली, सगळं कळायचं. यातही शास्त्र होतं, पण ते नातेवाइकांच्या डोक्यावरून जायचं. कवळीवाल्या साहेबांच्या मुलाला भाऊ आणायला सांगितला, तर तो खरंच साहेबांच्या सख्ख्या भावाला घेऊन आला. बरं, त्या काकांनाही तशीच कवळी. सरांनी शांतपणे हात पुढे केला आणि म्हणाले, काढा. काका बिचारे दुपारभर तोंड मिटून व्हरांड्यात बसून होते.

रस्त्यानं जातानाही सरांना चैन नसायचं. रामकुंडाच्या वाटेवर हारवाल्या बसतात. त्यांची सवय अशी, की गिऱ्हाईक आलं की सुई ओठात धरायची आणि हातानं फुलं मोजायची. सर स्कूटर थांबवायचे, बाईच्या समोर जाऊन तळहात पसरायचे आणि बोलायचे काही नाहीत. ती सुई त्यांच्या हातावर ठेवत नाही तोवर हलायचे नाहीत. एकदा तर भाजीबाजारातून पिशवीभर बटाटे घेतले आणि प्रत्येकीला एकेक वाटला. सुई तोंडात नाही, बटाट्यात खोचायची. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बघायला गेले. एकीजवळही बटाटा नव्हता. सगळ्यांनी घरी नेऊन भाजी केली होती. सर म्हणाले, हरकत नाही, आज परत देऊ. आणि पुन्हा पिशवीभर बटाटे. मी कपाळावर हात मारला. पण पुढे पुढे त्यातल्या दोघी-तिघींच्या समोर सुया टोचलेले बटाटे खरंच दिसायला लागले.

त्यांच्या शेजारी जेवायला बसणं म्हणजे शिक्षा. तांदूळ निवडावेत तसं ते जेवण निवडायचे. पोळी उजेडात धरून बघायची, लाडू फोडून आधी चार तुकडे करायचे. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. माझ्या नणंदेच्या लग्नात पंगतीत कुणीतरी विनोद केला, मी हसले, तर पलीकडून सर ओरडले, "आधी गिळा!" वाढप्याच्या हातातली कढी सांडली.

लग्नावरून नथीचं आठवलं. ते सांगितल्याशिवाय सर सांगून होणार नाहीत.

पिंपळगाव बसवंतकडचं द्राक्षवाल्यांचं लग्न. नवरा-नवरीनं एकमेकांना घास भरवायचा कार्यक्रम चालला होता. नवरीच्या नाकात चापाची नथ. ती सैल होऊन बासुंदीच्या वाटीत पडली, ते कुणी पाहिलं नाही. नवरदेवाच्या मित्रांनी पैज लावली, वाटी एका घोटात रिकामी कर. त्यानं केली. मग नवरीचं नाक मोकळं दिसलं आणि मांडवात हलकल्लोळ. फेटा, बाशिंग, शालूसकट दोन्ही घरचं वऱ्हाड सरांच्या हॉस्पिटलात उतरलं. फोटो काढला, तर नथ जठर ओलांडून पुढे गेलेली. सर म्हणाले, थांबू. मी नेहमीप्रमाणे चहा प्यायले.

आता नवरदेवाच्या जिवाची काळजी त्याच्या आईला. पण नथ होती नवरीच्या मावशीची. तिनं ती एका दिवसापुरती दिली होती. मावशी वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून बसली ती हलेचना. सर राउंडला आले की ती उठायची आणि म्हणायची, "डॉक्टर, पोराचं असू द्या, तो धडधाकट हाय. नथीचं सांगा. लय जुनी हाय हो ती." सर तिला रोजचा फोटो दाखवायचे, नथ आज इथवर आली म्हणून बोटानं सांगायचे. ती हात जोडायची. नवरीकडच्यांनी भाऊ म्हणून दुसरी नथ आणली होती. ती नवरदेवाच्या पोटावर चिकटवलेली. वऱ्हाडातली पोरं येऊन येऊन ते बघून जायची. सत्यनारायण खोळंबला, गडावर देवीला जायचं खोळंबलं. नवरी बिचारी हिरवा चुडा भरलेल्या हातांनी नवऱ्याला वरण-भात भरवत होती आणि दर घासाला त्याला म्हणत होती, चावून खा.

शेवटी नथ आली. कुठून आणि कशी, ते विचारू नका. सिस्टरांनी धुऊन, उकळून, चांदीच्या वाटीत ठेवून दिली. तार शाबूत होती, नवरदेवही शाबूत होता. पण एका मोत्याची पार रया गेली होती, झिजून अर्धा झाला होता. मावशीनं तो पाहिला आणि तोंडाला पदर लावला. आता इथं भांडण पेटणार म्हणून आम्ही सगळे मागं सरकलो. सर पुढं झाले. म्हणाले, "मावशी, पोटात आम्ल असतं. खोट्या मोत्याला ते काही करत नाही. झिजला म्हणजे तुमचा मोती खरा होता."

मावशीनं पदर काढला. तिनं एकदा नथीकडे बघितलं, एकदा वऱ्हाडात आलेल्या आपल्या जावेकडे बघितलं, आणि सरांना म्हणाली, हे जरा मोठ्यानं सांगा. त्या घरात वर्षानुवर्षं वाद होता म्हणे, की मावशीची नथ खोट्या मोत्यांची आहे. सरांनी मोठ्यानं सांगितलं. मावशीनं जावयाची दृष्ट काढली. पुढच्या हंगामात सरांकडे द्राक्षांची पेटी आली. त्यातला प्रत्येक मणी सरांनी कापून बघून खाल्ला.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण गावात दुसरंही बोललं जायचं. डॉक्टरांच्या बैठकीत लोक डोळे मिचकावून म्हणायचे की थांबू-थांबू हे सगळं ढोंग आहे, म्हाताऱ्याला आता कापायची भीती वाटते, हात थरथरतात. मी भांडायची. पण खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. चहाचा कप उचलताना सरांच्या हातातली बशी वाजायची, हे मी कैक वेळा ऐकलं होतं. आणि गेल्या काही वर्षांत त्यांना मोठं ऑपरेशन करताना मी पाहिलंच नव्हतं. पाहणार कुठून? मला तर घरी पाठवायचे.

आणि म्हणूनच, अण्णांचं पोट दुखायला लागलं तेव्हा मी त्यांना सरांकडे नेलं.

अण्णा माझे सासरे. पंचवटीतले जुने भिक्षुक. सत्तरी कधीच ओलांडलेली, रक्तदाब, हृदयाची एक जुनी तक्रार. पोट उजव्या बाजूला खाली दुखत होतं, बारीक ताप होता. मी भूल देणारी बाई, अशा माणसाला टेबलावर घेण्यात काय धोका असतो तो मला पाठ आहे. मला अण्णांना कापू द्यायचं नव्हतं. आणि अख्ख्या नाशकात न कापणारा एकच सर्जन मला ठाऊक होता. सीटी स्कॅन आधीच करून घेतला होता. रिपोर्टात आतड्याला थोडी सूज, बाकी विशेष काही नाही. मला वाटलं, सर अँटिबायोटिक देतील, थांबू म्हणतील, आणि आम्ही केळी न आणता घरी जाऊ.

सरांनी पोट दाबून पाहिलं. अण्णा कळवळले. मग खुर्ची ओढून सर बसले आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. काय जेवलात, कुठे जेवलात, कोण वाढत होतं, बोलत होतात का. आणि शेवटी एक, जो जगात दुसरा कुठला डॉक्टर विचारत नसेल: कशावर जेवलात?

अण्णा जरा ताठ झाले. म्हणाले, दुखायच्या आधी बाहेरचं जेवण एकच झालं. पुण्याचे एक यजमान वडिलांचं श्राद्ध करायला आले होते, त्यांच्याकडे ब्राह्मण म्हणून बसलो होतो. आणि पत्रावळीवर जेवलो. यंत्रावर दाबलेल्या त्या गुळगुळीत ताटलीवर नव्हे, हातानं टाचलेल्या पळसाच्या पत्रावळीवर. त्याशिवाय मी श्राद्धाला बसत नाही.

टाचलेली पत्रावळ म्हणजे पानाला पान जोडून बारीक काड्यांचे टाके घातलेले असतात. सरांची मान तिरकी झाली.

"जेवताना काही टणक लागलं का?"

अण्णांनी उपरणं सारखं केलं. मी म्हटलं, अण्णा, सांगा ना. तेव्हा नाइलाजानं म्हणाले, "अळूच्या भाजीत लागलं काहीतरी. देठ असेल म्हटलं."

"मग काढून टाकलं नाहीत?"

अण्णांनी सरांकडे असं पाहिलं, की मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "श्राद्धाच्या पानावर थुंकू? अहो डॉक्टर, त्या वेळी मी जेवत नव्हतो. यजमानांचे वडील जेवत होते."

हे आमच्याकडचं शास्त्र. श्राद्धाला बसलेला ब्राह्मण म्हणजे प्रत्यक्ष पितर. त्यानं मौन पाळायचं, चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, वाढलेलं टाकायचं नाही. तेव्हा परक्याच्या वडिलांचा मान राखायला माझ्या सासऱ्यांनी लाकडाची काडी गिळली होती. आणि अण्णांचा युक्तिवाद तिथंच थांबला नाही. ते म्हणाले, जेवण जर पितरांना पोचतं, तर त्याबरोबर काडीही तिकडेच गेली असणार. माझ्या पोटात ती असण्याचं कारण नाही.

सरांनी यावर खरंच विचार केला. हसले नाहीत. म्हणाले, "जेवण त्यांनी ठेवून घेतलं असेल. काडी परत पाठवली असेल."

मग मला म्हणाले, "भूलबाई, भाऊ आणा."

मी बाजारात गेले आणि पत्रावळींचा एक गठ्ठा घेऊन आले. सरांनी त्यातली एक निवडली आणि एक्स-रेच्या खोलीत पाठवली. टेक्निशियन माझ्याकडे बघायला लागला. त्यानं मुकाट्यानं पत्रावळ टेबलावर निजवली, शिशाचा एप्रन घातला, आणि सवयीनं तिला म्हणाला, श्वास रोखून धरा. फोटो आला. सरांनी तो दिव्यासमोर धरला. पानांची पुसट सावली होती, काड्या एकही नाही. लाकूड फोटोत दिसत नाही, हे मलाही माहीत होतं, पण इतकं कोरं मी कधी बघितलं नव्हतं. सरांनी एक काडी उपसून बोटावर दाबली. दोन्ही टोकं सारखीच तीक्ष्ण. बोटावर रक्ताचा थेंब आला.

"हिला बोथट बाजूच नाही," सर म्हणाले. "आतडं कुठली बाजू पुढे करणार? आजच उघडू या."

इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघत मी चहा पीत आले, तो आला, आणि मी तो परतवायला निघाले. मी म्हटलं, सर, अण्णांचं वय बघा, हृदय बघा, सीटीत काही नाहीये, आणि काडी आहेच असंही नाही. आणि मग मीच, ज्या शब्दावर इतकी वर्षं कुरकुरत आले ती मीच, हात जोडून म्हणाले, "सर, थांबू या ना."

सरांनी बोटावरचा रक्ताचा थेंब पुसला. मग म्हणाले, "मी थांबायचो, कारण मला ती वस्तू रोज दिसायची. आज इथे आहे, उद्या पुढे गेली. ही मला दिसत नाही. दिसत नाही तिच्या भरवशावर मी अण्णांना ठेवणार नाही."

अण्णांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, सूनबाई म्हणेल तसं. बाई गं, काय तो क्षण. माझे यजमान, म्हणजे माझा नवरा, कोपऱ्यात डोकं धरून बसले होते. मी हो म्हटलं. भूल द्यायची तयारी करायला निघाले, तर सरांनी अडवलं. म्हणाले, भूल दुसरं कुणी देईल, मी बोलावलंय. तुम्ही आज सून आहात. म्हणजे या माणसानं शेवटी चाकू हातात घेतला तेव्हाही मला काम दिलं नाहीच.

मी अण्णांच्या उशाशी रिकाम्या हातांनी उभी राहिले. नजर सरांच्या हातांवर. चहाची बशी वाजवणारे तेच हात. ते मोज्यांत गेले, अण्णांच्या पोटावर आले, आणि जे शांत झाले ते शेवटपर्यंत शांत. मी इतक्या सर्जन लोकांसमोर पेशंटच्या डोक्याशी उभी राहिले आहे, पण एवढे अबोल हात पाहिले नाहीत. आतडं बोटांतून जपमाळेसारखं पुढे सरकवत होते. कुठे घाई नाही. सर बोलत मात्र होते, आणि ते आमच्याशी नव्हे, काडीशी. या, दर्शन द्या, किती वाट बघायला लावता. भूल देणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं, असेच आहेत.

लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे थोडा पू साठला होता. सर तिथं थांबले. चिमटा आत गेला आणि बाहेर आला. बोटाच्या एका पेराएवढी काडी, अळूच्या भाजीनं काळपट झालेली. आतड्यातून आरपार बाहेर निघत होती. अजून थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी स्टुलावर बसले आणि मास्कच्या आत रडले.

सर एवढंच म्हणाले, "भेटली."

अण्णा बरे झाले. सावकाश, कुरकुर करत, पण बरे झाले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते सिस्टरांना, की काडी टाकू नका, ती पितरांकडून आलेली आहे, रामकुंडात सोडायची आहे. सरांनी ती बाटलीत घालून अण्णांच्या स्वाधीन केली. मग पुण्याच्या यजमानांचा फोन आला. त्यांना वेगळीच चिंता. ब्राह्मणाचं पोट फाडलं, मग वडिलांचं श्राद्ध लागू झालं की पुन्हा करायचं? मी फोन सरांकडे दिला. सरांनी त्यांना धीर दिला, की तुमचे वडील जेवून तृप्त आहेत, नको होतं तेवढं परत केलं.

पण अण्णांनी त्यानंतर श्राद्धाचं जेवण सोडलं. पोथ्या सांगायचे, पूजा करायचे, पण पितर म्हणून पानावर बसायला कुणी बोलावलं की हात जोडायचे. सरांनी एकदा कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "या पोटातून काही पुढे पोचेल, याची मला आता खात्री राहिली नाही. लोकांच्या आईवडिलांना उपाशी कशाला ठेवू?" सर म्हणाले, बरोबर आहे, थांबा. दोघं सरांच्या व्हरांड्यात बसून केळी खात होते.

गेल्या वर्षी सर गेले. काही गिळलं नव्हतं. सकाळी स्कूटर काढताना बसले ते उठलेच नाहीत. मी गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात एक बटाटा होता. हारवाल्या सगळ्या आल्या होत्या. एकीनंही त्या दिवशी हार विकला नाही, सगळे सरांवरच घातले.

यंदा वर्षश्राद्ध आलं. सरांना मूलबाळ नाही. सिन्नरहून त्यांच्या बहीण आल्या, मुलाला घेऊन. भाचा श्राद्ध करणार होता. बहीण अण्णांकडे आल्या आणि ब्राह्मण सुचवा म्हणाल्या. मीही तिथेच होते. अण्णा म्हणाले, "मी बसतो."

आम्ही सगळे हबकलो. माझा नवरा म्हणाला, अण्णा, निदान स्टीलच्या ताटात जेवा. अण्णांनी ऐकलं नाही. पत्रावळच, आणि टाचलेलीच. ती समोर आल्यावर त्यांनी उजेडात धरून पाहिली. एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. मग वाढायला सांगितलं. लाडू वाढला तो फोडून त्याचे चार तुकडे केले. वडा उघडून पाहिला. अळूची भाजी बोटांनी चाचपून, निवडून, एकेक घास चावून चावून खाल्ला. इतकं सावकाश श्राद्धाचं जेवण पंचवटीत कुणी जेवलं नसेल. भाचा पेंगायला लागला. मी मात्र बघतच राहिले, कारण पानावर बसले होते ते अण्णा नव्हतेच. मान तिरकी करून घासाकडे बघणारा तो माणूस मला चांगला ओळखीचा होता.

जेवण संपलं. रीतीप्रमाणे भाच्यानं हात जोडून विचारलं, तृप्त झालात ना? अण्णा तृप्त झालो म्हणाले. पण भाच्याच्या आईचं समाधान होईना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, गुरुजी, खरंच पोचलं असेल का हो त्याला? तो तर कशावर विश्वास ठेवायचा नाही.

अण्णांनी पोटावरच्या व्रणावर हात ठेवला.

"पोचलं," ते म्हणाले. "हे पोट त्यांच्या ओळखीचं आहे."